परीक्षेकामी एक स्टूल

गुलमंडीत एका साड्यांच्या दुकानाच्या वर श्रीरंग देऊळगावकरांचा संगणकाचा क्लास आहे. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्यानं आणि खाली येणाऱ्यानं आधी एकमेकांशी ठरवून घ्यावं लागतं. श्रीरंगसरांना हा क्लास चालवून अठरा वर्षं झाली होती, आणि या अठरा वर्षांत त्यांना एका गोष्टीचा मोठा अभिमान जडला होता. कुणी दुसऱ्याकडून काम करून आणलं, की ते सरांना कळायचं. त्यांची बायको अंबिका म्हणायची, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. ती हे काही कौतुकानं म्हणत नसे, पण सर ते कौतुक म्हणूनच ठेवून घेत.

त्यामुळे मनकर्णाबाईंचं घरचं काम पाहिलं आणि सरांनी मनातल्या मनात निकालच लावून टाकला.

मनकर्णाबाई संध्याकाळच्या बॅचला येत. वय त्रेपन्न, राहायला हर्सूलला, नोकरी दिल्ली गेटजवळच्या एका सरकारी कार्यालयात शिपायाची. नवरा त्याच कार्यालयात शिपाई होता. तो गेला तेव्हा त्याच्या जागी अनुकंपावर त्या लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. लागल्या तेव्हा सातवी पास होत्या. पुढं नोकरी सांभाळून सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मुलीच्या बरोबरीनं दहावी झाल्या. आता एमएससीआयटीला नाव घातलं होतं. बॅचमधली बाकीची सगळी कॉलेजची पोरंपोरी, ती त्यांना मावशी म्हणत आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवत.

क्लासमध्ये मनकर्णाबाईंचं काही खरं नव्हतं. खुर्चीच्या अगदी कडेला, अंग चोरून बसायच्या. बोटं थरथरायची. एक अक्षर शोधायला डोळे सगळ्या कीबोर्डवरून फिरून यायचे, आणि सापडलं की शेजारचंच दाबलं जायचं. पाच ओळींच्या पत्राला चाळीस मिनिटं लागायची. पण त्यांचा कार्यालयातून येणारा ईमेल उघडावा, तर पत्र नीटनेटकं, तक्त्याच्या रेघा सरळ, बेरजा बरोबर. ईमेलची वेळ रोज दुपारी दीड ते दोनच्या मधली. सरांना आणखी काय हवं होतं? हाताशी कुणीतरी चलाख कारकून असणार, तो जेवणाच्या सुट्टीत बाईंचं काम करून देतो, संपलं.

एका संध्याकाळी बाकीची मुलं गेल्यावर त्यांनी विचारलंच.

"मनकर्णाबाई, हे घरचं काम कोण करून देतं तुम्हाला?"

"कोण देणार सर? मीच करते."

"मग इथं का जमत नाही?"

"ते मलाबी कळंना झालंय," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच सरांना जरा अवघडल्यासारखं झालं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, जिन्यापाशी थांबल्या. "उद्या दीडला हापिसात या. डोळ्यानं बघा. मंग काय बोलायचं ते बोला."

खरं तर सरांनी इतकं मनावर घ्यायचं कारण नव्हतं. फी भरलेला विद्यार्थी पास झाला काय आणि नापास झाला काय, क्लास चालतच राहतो. पण मनकर्णाबाईंचं काय पणाला लागलंय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिकाची एक जागा रिकामी होत होती आणि ज्येष्ठतेच्या यादीत शिपायांमध्ये पहिलं नाव त्यांचं होतं. टायपिंगच्या परीक्षेला पुढं मुदत मिळेल, पण संगणकाचं सर्टिफिकेट मार्चअखेरच्या आत फाईलला लागलं पाहिजे, नाहीतर नाव खाली जाईल, असं आस्थापना शाखेनं स्वच्छ सांगितलं होतं. अशी दुसरी जागा निघेपर्यंत बाई निवृत्त झालेल्या असत्या. परीक्षा एकच मिळणार होती, ती अठरा दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी सर गेले. चोर रंगेहाथ पकडायलाच गेले, हे त्यांनी नंतर स्वतःहून कबूल केलं.

कार्यालयात जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे मागच्या खोलीत डबे उघडून बसले होते. साहेबांच्या दालनाबाहेर एक रिकामं लाकडी स्टूल होतं, आणि आतल्या मोठ्या खोलीत, लाल फडक्यात बांधलेल्या फायलींच्या मांडणीशेजारच्या टेबलावर मनकर्णाबाई टाईप करत होत्या. उभ्यानं. खुर्ची त्यांनी हातभर बाजूला सरकवून ठेवली होती. पाठ किंचित वाकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दहाही बोटं भाकरी थापताना चालावीत तशी बिनघोर चालत होती. थरथर नाही, शोधाशोध नाही. एक पत्र संपलं, त्यांनी ते साठवलं, बंद केलं, दुसरं उघडलं.

सर दारात दहा मिनिटं उभे राहिले. आधी त्यांचं मन खट्टू झालं, कारण चोर सापडला नव्हता. मग स्वतःचीच लाज वाटली. आणि मग मात्र त्यांनी सगळं विसरून नुसतं पाहायला सुरुवात केली, कारण अठरा वर्षांत इतक्या निगुतीनं काम करणारा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता.

ते टेबल ज्याचं, तो हिमांशू नावाचा तरुण लिपिक हात धुऊन आला. "सर का तुम्ही? बरं झालं आलात, तुम्हीच सांगा यांना. मी रोज म्हणतो, बसा म्हणून. ऐकतच नाहीत. खुर्ची सरकवतात आणि उभ्यानं सुरू."

"बसत का नाही हो?" सरांनी विचारलं.

मनकर्णाबाईंनी आधी हातातलं काम संपवलं. "दुसऱ्याच्या खुर्चीत कसं बसावं, सर?"

"अहो, मीच सांगतोय ना बसा म्हणून," हिमांशू म्हणाला.

"तुम्ही चांगले हाव, म्हणून सांगायलात." त्यांनी मांडणीवरची एक सुटलेली फाईल घेतली आणि बोलता बोलता तिची गाठ बांधायला लागल्या. "लागले तवाची गोष्ट हाय. पहिलाच आठवडा. फायली बांधून बांधून पाय भरून आले. मोठे क्लार्क बाहेर गेल्याले, म्हणून त्यांच्या खुर्चीत टेकले जरा. ते आले, मी उठले. ते काई बोलले नाय. एक शब्द नाय. दुसऱ्या शिपायाला हाक मारली अन् वल्ल्या फडक्यानं खुर्ची पुसून घेतली. मंग बसले."

हिमांशूनं खाली पाहिलं. मनकर्णाबाईंनी गाठ आवळली.

"शिवी दिली असती तर इसरून गेले असते," त्या म्हणाल्या.

सरांना आपले वडील आठवले. व्यंकटराव कोषागारात हेडक्लार्क होते, अतिशय सज्जन, नाकासमोर चालणारे. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असायचा आणि रोज सकाळी शिपाई ती खुर्ची पुसून द्यायचा. लहानपणी सरांना त्या टॉवेलाचा फार रुबाब वाटायचा. त्या दुपारी तो पहिल्यांदा वाटला नाही.

कोडं सुटलं होतं, पण त्यामुळे काम सोपं झालं नाही. मनकर्णाबाईंच्या हातांनी सगळी विद्या उभ्यानं घेतली होती. बसल्या की हातांचा कोनच बदलायचा, आणि मनाचाही. परीक्षा मुकुंदवाडीच्या बाजूला एका कॉलेजात होती. तिथं टेबलं बुटकी, आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्यात परीक्षार्थीचा चेहरा तासभर दिसत राहायला हवा, अशी त्या केंद्रावरची सूचना होती. उभं राहिलं तर कॅमेऱ्यात पोट दिसणार. म्हणजे बसणं भागच होतं.

सरांनी उपाय सुरू केले. खुर्चीवर एक उशी ठेवली, मग दोन ठेवल्या. घरून अंबिकाची योगासनांची घडीची चटई आणली. मनकर्णाबाई मुकाट्यानं बसत, आणि बोटं पुन्हा थरथरायला लागत.

"भीती कशाची वाटते?" सरांनी एकदा विचारलं.

"परीक्षेची नाय वाटत. पण बसलं की कान मागंच ऱ्हातात, सर. कोण आलं, आता उठवतंय का. निम्मं ध्यान तिकडंच जातंय."

चौथ्या दिवशी त्या जिना चढून आल्या त्या हसतच. "सर, माझीबी एक बसायची जागा हाय की. ध्यानातच आलं नाय."

साहेबांच्या दालनाबाहेरचं ते लाकडी स्टूल. सागवानी, चार पाय, एका पायाला खाली पत्रा ठोकलेला. बावीस वर्षं मनकर्णाबाई त्यावर बसत होत्या आणि त्याआधी अकरा वर्षं त्यांचा नवरा बसत होता. त्यावरून त्यांना आजवर कुणी उठवलं नव्हतं. घंटी वाजली की त्या आपल्या आपण उठत, आणि काम झालं की परत येऊन बसत. दुपारी त्यांनी ते उचलून हिमांशूच्या टेबलाशी नेलं, त्यावर बसून पाहिलं, आणि बोटं चालली होती. स्टूल खुर्चीपेक्षा चांगलं वीतभर उंच, त्यामुळे हातही वरून पडत होते.

सर खूश झाले. खालच्या साडीवाल्याकडून त्यांनी तसंच एक स्टूल मागून आणलं, उंचीसुद्धा टेपनं मोजून घेतली. मनकर्णाबाई त्यावर बसल्या. पाच ओळींना पस्तीस मिनिटं लागली.

"काय झालं?"

"हेबी स्टूलच हाय, सर," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण माझं नाय."

एखादा चिडला असता. सरही एरवी चिडले असते, त्यांचा तो लौकिकच होता. पण हिमांशूच्या टेबलाशी चाललेली ती बोटं त्यांनी पाहिली होती. ते एवढंच म्हणाले, "मग तुमचंच न्यायचं."

आता सरकारी कार्यालयातलं स्टूल म्हणजे काही घरचा पाट नव्हे, की काखोटीला मारला आणि निघाले. त्याच्या बुडाशी पांढऱ्या रंगात आकडा घातलेला होता, एकशे चौदा, आणि तो आकडा जडवस्तूंच्या नोंदवहीत होता. ते दाराबाहेर काढायचं तर परवानगी हवी. हिमांशू म्हणाला, रविवारी कोण बघतंय, घेऊन जा गुपचूप. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी रीतसर अर्ज करायचं ठरवलं, आणि तोही स्वतः टाईप करून. क्लासच्या धड्यांव्यतिरिक्त, आपल्या कामासाठी त्यांनी लिहिलेलं हे पहिलं पत्र. त्याची एक प्रत सरांनी आजही जपून ठेवली आहे.

"विषय : परीक्षेकामी एक स्टूल एक दिवस नेण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी या कार्यालयात बावीस वर्षांपासून शिपाई पदावर काम करीत आहे. आपल्या दालनाबाहेरील लाकडी स्टूल, नोंद क्रमांक ११४, मी रोज वापरते. मला त्यावर बसूनच संगणक येतो. तरी सदर स्टूल रविवारी परीक्षा केंद्रावर नेण्यास परवानगी मिळावी. सोमवारी सकाळी साडेनऊला मी ते जागेवर ठेवीन."

साहेब आधी हसले म्हणे. मग त्यांनी तिसरं वाक्य पुन्हा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि सही करून गोल शिक्का मारला. 'परवानगी देण्यात येत आहे' याच्याखाली त्यांनी पेनानं 'शुभेच्छा' असंही लिहिलं, जे सरकारी कागदावर सहसा दिसत नाही.

रविवारी सकाळी दिल्ली गेटच्या थांब्यावर सर आधीच येऊन उभे होते. मनकर्णाबाई इस्त्रीच्या साडीत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टूल. सर म्हणाले, रिक्षा करू, तर त्या म्हणाल्या, बस येईलच. सिटी बस आली. कंडक्टरनं त्यांना वर घेतलं, स्टुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, गाडीत बसायला जागा हाय की. घरून कशाला आणलं?"

सगळी बस हसली. मनकर्णाबाईही हसल्या. मग स्टूल मांडीवर घेऊन त्या मुकुंदवाडीपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. सरांना वाटलं होतं, आपल्याला लाज वाटेल. तसं काही झालं नाही. उलट समोरच्या एका गृहस्थाला त्यांनी न विचारताच सांगून टाकलं, "माझ्या विद्यार्थिनी आहेत. परीक्षेला चाललोय."

केंद्रावरचा पर्यवेक्षक तिशीचा, गळ्यात ओळखपत्र घातलेला. त्यानं दारातच अडवलं.

"हे काय आहे?"

"स्टूल, साहेब."

"ते दिसतंय. आत खुर्च्या आहेत ना."

"हायती. पण त्या कॉलेजच्या. हे माझं हाय." मनकर्णाबाईंनी पिशवीतून अर्ज काढून दिला.

त्यानं अर्ज वाचला. मग सूचनांचा कागद वरून खालपर्यंत वाचला. मोबाईल आणू नये, वही आणू नये, घड्याळ आणू नये, सगळं होतं, आसनाबद्दल कुठंच काही नव्हतं. त्यानं पुन्हा अर्जाकडे पाहिलं. गोल शिक्का होता, जावक क्रमांक होता, तारीख होती. या देशात यापुढं काही बोलायला जागा राहत नाही. त्यानं हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं 'स्टुलासह उपस्थित' असं लिहिलं आणि त्यांना आत सोडलं.

सर व्हरांड्यात, काचेच्या दाराशी उभे राहिले. मनकर्णाबाईंची पाठ, कीबोर्डवरचे हात आणि पडद्याचा एक कोपरा दिसत होता. त्या बसल्या, पदर खोचला, चष्मा खाली ओढला. बोटं सुरू झाली. सरांनी घड्याळ पाहिलं नाही, बोटंच पाहिली.

अर्धा तास बरा गेला. मग व्हरांड्याच्या टोकाकडून बुटांचा आवाज आला. केंद्रप्रमुख तपासणीला निघाले होते, मागं दोन माणसं. करकरीत बूट, भारदस्त चाल, अगदी साहेबाची. सर काचेला आणखी जवळ सरकले. बावीस वर्षं हा आवाज आला की ती बाई उठून उभी राहिली होती. तो आवाज ऐकून उठणं हीच तिची नोकरी होती. उठली तर चेहरा कॅमेऱ्यातून जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे बोटं परत ताळ्यावर येणार नाहीत.

दार उघडलं. पर्यवेक्षक ताडकन उठला. मनकर्णाबाईंची पाठ ताठ झाली, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, एक हात टेबलाच्या कडेवर आला. सरांना हे सगळं काचेतून दिसत होतं, आणि ते काहीही करू शकत नव्हते. त्या अर्ध्या क्षणात त्यांनी आपल्या कुलदैवताला जे काय सांगायचं ते सांगून घेतलं.

टाचा पुन्हा खाली टेकल्या. हात कीबोर्डवर परत गेला. केंद्रप्रमुख मनकर्णाबाईंच्या मागून गेले, क्षणभर थांबून स्टुलाकडे पाहिलं आणि पुढं सरकले. मनकर्णाबाई टाईप करत राहिल्या.

 श्रीरंगसर तोंड फिरवून व्हरांड्यातल्या नळावर पाणी प्यायला गेले आणि तिथंच बराच वेळ थांबले.

पन्नासपैकी अडतीस. कॉलेजच्या पोरांना चव्वेचाळीस-पंचेचाळीस पडले, त्यामुळे क्लासच्या फलकावर मनकर्णाबाईंचं नाव खालून तिसरं आलं. पण सरांनी ते लाल खडूनं लिहिलं. सोमवारी सकाळी साडेनऊला स्टूल आपल्या जागेवर होतं, आणि सर्टिफिकेट मार्चअखेरच्या पाच दिवस आधी फाईलला लागलं.

पुढं पाच-सहा महिन्यांनी क्लासच्या एका कागदासाठी सर त्या कार्यालयात गेले. खोलीत गर्दी होती. प्रत्येक टेबलासमोर माणसं हातात कागद धरून उभी होती, सरकारी कार्यालयात उभी असतात तशीच. फक्त खिडकीजवळच्या टेबलापुढं एक म्हातारे गृहस्थ बसले होते. एकशे चौदा नंबरच्या स्टुलावर. टेबलामागं मनकर्णाबाई होत्या, खुर्चीत, आणि दहाही बोटं चालली होती.

"दुसरा अर्ज केला सर," त्या म्हणाल्या. "नव्या शिपायाला, कडुबाला, प्लास्टिकची खुर्ची मिळाली. मंग हे मागून घेतलं, टेबलाम्होरं ठिवायला. लोकं तासतास उभी ऱ्हातात इथं."

स्टुलावरचे गृहस्थ उठायला लागले. "तुम्ही बसा बाबा, तुमचं काम चालू हाय," असं म्हणत मनकर्णाबाई स्वतःच उठल्या, आणि खुर्ची सरांकडे वळवली. "सर, बसा."

"छे छे. ही तुमची खुर्ची आहे."

"म्हणूनच म्हणायले, बसा."

सर बसले. नाही म्हणायला त्यांच्याजवळ कारण नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरचे दोघे-तिघे बघत होते. मनकर्णाबाईंनी उभ्यानंच सरांचं पत्र टाईप केलं, छापून काढलं, त्यावर जावक क्रमांक घातला आणि ते त्यांच्या हातात दिलं. सर उठले. उठता उठता त्यांचा हात आपसूक खिशातल्या रुमालाकडे गेला. बाईंना खुर्ची पुसून द्यावी, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी रुमाल काढेपर्यंत मनकर्णाबाई बसल्यासुद्धा होत्या. "हां बाबा, सांगा आता, गाव कोणतं?" असं म्हणून त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.